फोडणीचा शिंतोडा, कुकरची वाफ, तव्याचा चटका: घरच्या घरी नेमकं काय करायचं?

पाटावरवंटा

स्वयंपाकघरात उठता-बसता लागणाऱ्या छोट्या चटक्यांबद्दल विचारायचं आहे. तव्याची कड मनगटाला लागणं, फोडणीतली मोहरी उडणं, कुकरचं झाकण काढताना बोटं पोळणं, एवढंच. मोठ्या भाजण्याबद्दल नाही.

यावर घरोघरी वेगळा उपाय. कुणी तूप लावतं, कुणी टूथपेस्ट, कुणी बटाटा किसून बांधतं, कुणी कणीक थापतं, कुणी हळद दाबतं, तर कुणी सरळ फ्रीझरमधला बर्फ. यातलं खरं उपयोगी काय आणि कशाने नुकसान होतं? पाणी धरायचं तर किती वेळ? आणि विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी साध्या हाताला सोसवत नाही, ते भाजलेल्या जागेवर कसं धरायचं? फोड आला तर फोडायचा की ठेवायचा? कृपया कारणासकट सांगा, म्हणजे घरातल्या मोठ्यांनाही पटवून देता येईल.

सायलीची वेल

पहिला उपाय पाणी, आणि २० मिनिटं. बाकी सगळं त्यानंतर.

विस्तव किंवा गरम भांडं लांब झालं तरी भाजणं थांबलेलं नसतं. कातडीत शिरलेली उष्णता आतल्या थरांकडे सरकत राहते. वरून लालसर दिसणारी जागा तासाभराने फोडाने भरते ती यामुळेच. वाहतं गार पाणी ही उष्णता ओढून नेतं, शिवाय सूज आणि ठणका कमी करतं. कातडी पहिल्या एक-दोन मिनिटांतच गार लागते आणि माणूस नळ बंद करतो. इथेच चूक होते. हात बाहेर काढल्यावर लगेच आग परत सुरू झाली तर समजा की अजून बराच वेळ पाण्याखाली राहायला हवं.

नळाची धार बारीक, आणि ती थेट चटक्यावर न पाडता थोडी वर सोडा, म्हणजे पाणी ओघळून जागेवरून जाईल. जोराच्या धारेने हुळहुळी कातडी सुटू शकते. गडबडीत सुरुवातीला पाणी धरायचं राहून गेलं, तर चटका बसल्यापासून ३ तासांपर्यंत धरलं तरी फायदा होतो. जितकं लवकर तितकं चांगलं, पण "आता काय उपयोग" म्हणून सोडून देऊ नका.

पाणी धरता धरताच अंगठी, बांगड्या, कडं, घड्याळ उतरवा. हे लोक हमखास विसरतात. बोट सुजलं की अंगठी रुतते, रक्तपुरवठा अडतो आणि कापूनच काढावी लागते. हातात काचेच्या बांगड्यांचा चुडा असेल तर मनगट सुजायच्या आत साबणाचं पाणी लावून एकेक काढा. जागा पोळलेली असेल आणि बांगडी घासत असेल तर ओढाताण करण्यापेक्षा ती सांभाळून फोडलेली बरी.

चहा किंवा आमटी कपड्यावर सांडली असेल तर कपडा आधी काढा. भिजलेलं कापड गरम पोटिसासारखं अंगाला चिकटून राहतं. मात्र कापड वितळून कातडीला चिकटलं असेल तर तेवढा तुकडा तसाच ठेवा, भोवतीचं कापड कात्रीने कापा आणि वरून पाणी सोडा.

कोयंडा

नागपूर-अकोल्याच्या पाण्याचा मुद्दा अगदी खरा आहे. तिथे नळ सोडून हात धरला तर उलटा शेक बसेल. पाणी साधारण १५ ते २० अंशांचं मिळालं तर उत्तम, २५ पर्यंतही चालतं. ते असं जमवा.

माठ असेल तर प्रश्न मिटला. कोरड्या हवेत माठातलं पाणी बऱ्यापैकी गार होतं, आणि विदर्भ-मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडीच असते. कोकणात दमटपणामुळे माठ तेवढा गार करत नाही, पण तिथे टाकीचं पाणीही इतकं तापत नाही. माठ नसेल तर फ्रीजमधलं बाटलीचं पाणी आणि टाकीचं पाणी निम्मं-निम्मं मिसळा. फ्रीजचं ५ अंशांचं आणि टाकीचं ३५ अंशांचं समसमान घेतलं की २० अंशांच्या आसपास येतं. नुसतं फ्रीजचं पाणी २० मिनिटं ओतू नका.

आता पाण्याच्या टंचाईचं. नळ मिनिटाला ६ लिटर देत असेल तर २० मिनिटांत १२० लिटर जातात. जिथे चार दिवसांनी पाणी येतं तिथे हे कुणी करणार नाही, आणि करायची गरजही नाही. २० लिटरची एक बादली घ्या आणि मगाने मिनिटाला साधारण एक लिटर, सावकाश, अखंड ओता. खाली घमेलं किंवा दुसरी बादली ठेवा. साठलेलं पाणी झाडांना, फरशीला वापरता येतं.

पातेल्यात हात बुडवून बसलात तरी चालेल, पण पाणी हलवत राहा. स्थिर पाण्यात कातडीलगतचा पातळ थर कोमट होतो आणि मग गारवा पोचत नाही. दर पाच मिनिटांनी पाणी बदला. चेहऱ्यावर किंवा मानेवर शिंतोडे उडाले असतील तर स्वच्छ सुती पंचा ओला करून ठेवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा ओला करा, कारण तो लगेच तापतो. डोळ्यात उडालं असेल तर डोळा उघडा ठेवून भरपूर पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.

लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर थंड पडतं. त्याची फक्त भाजलेली जागा पाण्याखाली धरा, बाकी अंग चादरीत गुंडाळून ऊबदार ठेवा.

पाटावरवंटा

हे फार उपयोगी. पण बर्फ का नको? थंडावाच द्यायचा आहे ना? आणि टूथपेस्टने आग लगेच थांबते, हे तर खूप जण सांगतात.

शेवंती

बर्फाने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आधीच दुखावलेल्या कातडीला रक्त कमी पडतं आणि जखम खोल जाते. बर्फाचा खडा थेट दाबून धरला तर गारठ्याने कातडी वेगळी जखमी होते, आणि जागा बधिर झाल्यामुळे ते कळतही नाही.

टूथपेस्टमधला पुदिन्याचा अर्क गारव्याचा फक्त भास निर्माण करतो. तापमान उतरत नाही. शिवाय तिच्यात दात घासायची बारीक पूड आणि फेस आणणारा साबणी पदार्थ असतो, तो जखमेला झोंबतो. वाळली की पापुद्रा धरते, आणि तो काढताना फोडाची कातडी निघून येते. आग कमी होण्याचं श्रेय तिला मिळतं, पण हलक्या चटक्याची आग बऱ्याचदा तेवढ्या वेळात आपोआपच उतरलेली असते.

तूप, लोणी, खोबरेल: गरम कातडीवर स्निग्ध थर दिला की आतली उष्णता कोंडते आणि पाणी धरायची वेळ निघून जाते. जागा पूर्ण गार झाल्यावर, कातडी अखंड असेल तर तुपाने फारसं बिघडत नाही. पण डब्यातल्या तुपात रोज उष्टा-खरकटा चमचा जातो, म्हणून उघड्या जखमेवर ते नकोच. आयुर्वेदात दाहावर सांगितलेलं शतधौत घृत ही वेगळी वस्तू आहे. तूप तांब्याच्या भांड्यात पाणी घालून शंभर वेळा फेटत आणि दरवेळी पाणी बदलत धुतात, तेव्हा ते पांढरं, लोण्यासारखं हलकं होतं. त्यात पाण्याचा अंश राहतो, त्यामुळे घरी केलेलं फार टिकत नाही. लावायचं तर तेही गार झालेल्या, न फाटलेल्या कातडीवरच.

हळद: खाण्याच्या हळदीची पूड निर्जंतुक नसते. ओल्या जखमेवर तिचं पीठ होऊन बसतं, मग ते खरवडावं लागतं. आणि पिवळ्या रंगाखाली लाली वाढतेय की कमी होतेय हे डॉक्टरलाही दिसत नाही. कणीक, शाई, कॉफी पावडर, अंड्याचा पांढरा, सगळ्यांची हीच गत. कच्च्या अंड्यातून तर जंतू थेट जखमेत जातात.

मध: निर्जंतुक केलेल्या वैद्यकीय मधाच्या पट्ट्या असतात आणि फोड आलेल्या भाजण्यावर त्यांचा चांगला उपयोग होतो. स्वयंपाकघरातल्या बाटलीतला मध तसा नसतो. तो चहात घाला.

कोरफड मात्र लावावी, पण नीट. पान धुवा, बुडापासून कापा आणि कापलेली बाजू खाली करून १०-१५ मिनिटं वाटीत उभं ठेवा. कडेने पिवळा कडू चीक निथळतो. तो कातडीला खाजवतो आणि आग वाढवतो. "कोरफडीने जास्तच चुरचुरलं" म्हणणारे बहुधा हा चीक न काढता लावतात. मग काटेरी कडा तासून, साल सोलून, आतला काचेसारखा गर पाण्याने एकदा खळबळून घ्या आणि पातळ थर द्या. दिवसातून दोन-तीनदा, दरवेळी ताजा. फोड फुटला असेल तर बागेतली कोरफड नको.

साधी पेट्रोलियम जेलीही तितकीच चांगली, आणि ती उघड्या जागेवरही चालते. फक्त नवी डबी उघडा आणि बोट न घालता स्वच्छ चमच्याने काढा.

रानमेवा

शेवंतींच्या यादीत बटाटा राहिला. किसलेला कच्चा बटाटा गार लागतो, पण त्याच्याबरोबर मातीतले जंतू येतात आणि स्टार्च वाळून चिकटतो.

गंमत म्हणजे बटाटा आणि केळीचं पान यांचा मुंबईच्या डॉक्टरांनी रीतसर वापर केला आहे. डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्यांवरचा लेख १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरून पाहिली, तो लेख २००३ चा. केळीच्या पानाचा पृष्ठभाग मेणचट असतो, त्यामुळे पट्टी बदलताना ती जखमेला चिकटत नाही आणि दुखत नाही. स्वस्तही पडते. पण दोन्ही ठिकाणी पट्टी निर्जंतुक करून वापरली होती. परसातलं पान तोडून बांधणं म्हणजे तो उपाय नव्हे.

एक जुना समजही सांगतो. काही घरांत चटका बसला की ती जागा पुन्हा विस्तवाजवळ धरून शेकायला सांगतात. याचं मूळ पार सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या १२व्या अध्यायात भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार केले आहेत आणि पहिल्या, सर्वांत हलक्या प्रकारात शेक सांगितला आहे. भाजण्याच्या खोलीनुसार प्रकार पाडणं आजही तसंच चालतं, ही त्या ग्रंथाची मोठी गोष्ट. शेकाचा सल्ला मात्र आज पाळू नये.

पाटावरवंटा

घरातल्या मोठ्यांना सुश्रुताचं नाव सांगूनच समजावेन. आता फोडाचं सांगा. आणि वाफेने पोळलं की तव्यापेक्षा जास्त का चुरचुरतं?

सायलीची वेल

वाफेचं गणित सोपं आहे. १०० अंशांचं एक ग्रॅम पाणी कातडीवर पडून ३७ अंशांपर्यंत निवलं तर ६३ कॅलरी उष्णता देतं. तेवढीच वाफ आधी कातडीवर पाणी होते, त्यातच ५४० कॅलरी सोडते, आणि पुढचे ६३ वेगळे. शिवाय वाफ एका जागी पडत नाही, चारही बोटांना एकदम वेढते. म्हणून मोदकपात्राचं किंवा इडलीपात्राचं झाकण उचलताना पलीकडची कड आधी वर करावी, म्हणजे वाफ आपल्यापासून दूर जाते. कुकरची शिट्टी ओल्या फडक्याने उचलू नका. ओलं फडकं उष्णता लगेच हाताशी पोचवतं. फडकं कोरडंच हवं.

फोड फोडायचा नाही. त्याच्या आतलं पाणी आणि वरची कातडी मिळून याहून चांगली पट्टी बाजारात मिळत नाही. सुई तापवून टोचणं, कात्रीने वरचं पापुद्र उडवणं, दोन्ही नको. फोड मोठा असेल किंवा बोटाच्या पेरावर ताणला जात असेल तर डॉक्टर निर्जंतुक सुईने पाणी काढतात, तेही वरची कातडी तशीच ठेवून.

आपोआप फुटला तर: साबणाने हात धुवा, जागा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने हलकेच धुवा, स्वच्छ कापडाने टिपा, पुसू नका. सैल कातडी पुन्हा जागेवर पसरवा. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि त्यावर न चिकटणारं गॉझ. औषधाच्या दुकानात पॅराफिन गॉझ मागा. कापूस कधीच नाही, त्याचे तंतू जखमेत रुततात. पट्टी सैल बांधा आणि दोन बोटं भाजली असतील तर मध्ये गॉझ ठेवून वेगवेगळी गुंडाळा. रोज किंवा एक दिवसाआड बदला. चिकटली तर ओढू नका, पाण्याखाली पाच मिनिटं धरा, सुटून येईल.

डॉक्टरला दाखवायला जायचं असेल तर वाटेत हातावर काही न फासता स्वच्छ प्लास्टिकची पिशवी सैल चढवली तरी पुरते.

दुखत असेल तर मोठ्यांना पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत ६ तासांचं अंतर. यकृताचा त्रास असेल तर आधी विचारून. मुलांना वजनाप्रमाणे मात्रा लागते, अंदाजाने देऊ नका. सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम घरात पडलेलं असतं म्हणून हलक्या चटक्याला लावू नका. साधी जखम त्याने उशिरा भरते, आणि ज्यांना सल्फाची ॲलर्जी आहे त्यांना त्रास होतो.

नुसती लाल, कोरडी जागा चार-सहा दिवसांत बरी होते, कातडी थोडी सोलते. फोड आलेली दोन आठवड्यांच्या आसपास. तीन आठवडे उलटूनही भरली नाही तर ती दिसली त्याहून खोल होती, दाखवायलाच हवं.

रानमेवा

कशाने भाजलं त्यावर पहिली दोन मिनिटं थोडी बदलतात.

पुरण हाटताना घट्ट होत आलं की त्याचे गोळे उडतात, आणि पुरण चिकटून बसतं. चिक्कीचा गुळाचा पाक त्याहून वाईट, तो १४०-१५० अंशांना असतो. इथे लोक घाईने चिमटीत धरून ओढतात आणि पाकासोबत कातडी येते. किंवा बोट तोंडात घालतात, तेही नको, तोंडातले जंतू जखमेत जातात. पाण्याखाली धरा. साखर-गूळ पाण्यात विरघळतात, पाक स्वतःहून सुटतो. पुरण धारेने वाहून जातं.

तेल पाण्यात विरघळत नाही, पण ते पुसायच्या नादात वेळ घालवू नका. आधी पाणी, तेलकटपणा नंतर साबणाने. फोडणीत ओला कढीपत्ता टाकला की त्यावरच्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तीच तेल उडवते. धुतलेला कढीपत्ता फडक्यात घुसळून कोरडा करा.

साबुदाणा वड्याबद्दल खास सांगतो, कारण एकादशीला आणि श्रावणात चेहऱ्यावर तेल उडतं ते बहुतेक यानेच. जास्त पाण्यात भिजलेला साबुदाणा आत पाणी धरून असतो, बाहेरचा स्टार्च शिजून घट्ट कवच होतो, आतली वाफ कोंडते आणि वडा कढईत फुटतो. भिजल्यावर पाणी पूर्ण निथळा, चाळणीत पसरून सुटसुटीत होऊ द्या, वडा थापताना आत पोकळी ठेवू नका, गोल गोळ्याऐवजी चपटा करा. पहिला एकच वडा सोडून बघा.

आणि ठेचा कुटल्यावर हाताची होणारी आग हे भाजणं नाही. मिरचीतला तिखट अंश पाण्याने जात नाही, तो तेलात विरघळतो. हाताला तेल चोळा, मग भांडी घासायच्या साबणाने धुवा, असं दोन-तीनदा करा. जिथे खरंच भाजलंय तिथे तेल नको आणि जिथे मिरचीची आग आहे तिथे तेल हवं. हा फरक घरात सांगून ठेवा.

कोयंडा

घरचे उपाय कुठे थांबवायचे, तेही लिहून ठेवतो. ज्याला भाजलंय त्याचा स्वतःचा तळवा बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. फोड आलेली जागा त्याहून मोठी असेल तर डॉक्टर. चेहरा, गुप्तांग, सांधे, किंवा बोटाला पूर्ण वेढा घालणारं भाजणं असेल तर लहान दिसलं तरी डॉक्टर. जागा पांढरी, तपकिरी किंवा चामड्यासारखी दिसते आणि दुखत नाही, तर खूश होऊ नका. तिथल्या नसाच जळल्या आहेत. पाच वर्षांखालचं मूल, वयस्कर माणूस, मधुमेही यांचं लवकर दाखवा. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असते, पायावर गरम पाणी सांडलेलं कळतच नाही, म्हणून त्यांनी डोळ्याने तपासावं. मिक्सर-ओव्हनचा शॉक लागून भाजलं असेल तर वरचा डाग कितीही छोटा असो, दवाखाना. मोठ्या भाजण्यात १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पाणी चालू ठेवा.

दोन-तीन दिवसांनी लाली पसरत गेली, ठणका वाढला, पू किंवा वास आला, ताप आला, तर जंतुसंसर्ग झालाय. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर तेही डॉक्टरला सांगा.

पाटावरवंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. ओट्याजवळच्या खणात काय ठेवायचं तेवढं सांगा. आणि डाग?

शेवंती

पॅराफिन गॉझची पाकिटं, साधी गॉझची गुंडाळी, कागदी चिकटपट्टी, न उघडलेली पेट्रोलियम जेली, बोथट टोकाची कात्री, पॅरासिटामॉल. फ्रीजमध्ये दोन बाटल्या पाणी कायम भरून. बोटाला पट्टी असताना स्वयंपाक करायचाच असेल तर वरून हातमोजा घाला, जखमेतले जंतू कणकेत जाऊ नयेत म्हणून.

डागाचं म्हणाल तर आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर भरलेली जागा आधी फिकट किंवा उलट काळसर दिसते आणि रंग परत यायला काही महिने लागतात. त्या काळात ती जागा उन्हापासून जपा, बाहेर पडताना पूर्ण बाही किंवा ३० एसपीएफचं सनस्क्रीन. लिंबू चोळू नका, नव्या कातडीला ते जाळतं. खोबरेल तेल आता लावा, जागा पूर्ण भरून कोरडी झाल्यावर, दिवसातून दोनदा हलक्या हाताने. खाज सुटते ती त्यानेच कमी होते.